विमान पकडण्याआधी एक ई-मेल

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असा तपशील गाळून):

वय 23. मूळचा नायगावच्या बीडीडी चाळीतला. चाळ पुनर्विकासात गेल्यापासून घरचे ट्रान्झिटच्या इमारतीत राहतात. वडील बेस्टच्या आगारात मेकॅनिक, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. हा शाळेपासून सेंटर फॉरवर्ड. मुंबईच्या लीगमध्ये तीन हंगाम आणि एकदा महाराष्ट्राकडून संतोष ट्रॉफी (राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा) खेळला. दीड वर्षापूर्वी एका एजंटमार्फत युरोपातल्या एका छोट्या देशात, तिथल्या दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबकडे गेला. त्यासाठी वडिलांनी पीएफमधून काढून एजंटला 7 लाख रुपये दिले. पहिल्या हंगामात 14 सामन्यांत 3 गोल. या हंगामात बहुतेक वेळ बेंचवर. डिसेंबर आणि जानेवारीचा पगार आलेला नाही. करार जूनपर्यंत आहे. एजंट म्हणतो, 'आणखी 3 लाख पाठव, दुसऱ्या देशात वरच्या लीगमध्ये घालतो.' इकडून एका मित्राने रेल्वेच्या खेळाडू कोट्यातल्या भरतीची जाहिरात पाठवली आहे. घरी यातलं काहीच माहीत नाही. व्हिडिओ कॉलवर तो क्लबची जर्सी घालून बसतो. 'रात्रीतून विमान पकडावंसं वाटतं. पण परत आलो तर तोंड कुठे दाखवू?'

*

तुला अरे-तुरे करते आहे, चालवून घे. माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे, त्याला कधी 'तुम्ही' म्हटलं तर तो माझ्या कपाळाला हात लावून ताप बघतो.

पत्र पाठवलंस तेव्हा इकडे रात्रीचे दोन वाजले होते, म्हणजे तुझ्याकडे साडेनऊ. तिकिटांची साइट उघडी ठेवून लिहितोय, असंही त्यात आहे. ती साइट आधी बंद कर. घरी येऊच नकोस असं मी म्हणत नाही, यायचं तर खुशाल ये. पण न सांगता निघालास तर आज कागदावर क्लब चुकलेला आहे, उद्या तू चुकलेला असशील.

हा फरक लाखमोलाचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. खेळाडूंची नोंदणी आणि बदली यांबद्दल फिफाची, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाची, एक नियमावली आहे. तिच्यात कलम 14 बिस आहे, म्हणजे 14 ला जोडलेलं जादा कलम. क्लबने किमान दोन महिन्यांचा पगार थकवला, खेळाडूने क्लबला तसं लेखी कळवून किमान 15 दिवसांची मुदत दिली आणि तरीही पूर्ण पैसे आले नाहीत, तर खेळाडूला योग्य कारणाने करार संपवता येतो. मग थकलेल्या पगाराचा दावा तर करता येतोच, शिवाय करार मुदतीआधी तुटल्याची भरपाईही मागता येते. तुझा करार जूनपर्यंत आहे, म्हणजे ती रक्कम अगदीच किरकोळ नाही. दावा फिफाच्या तंटा निवारण कक्षापुढे चालतो, तो दोन वर्षांच्या आत करावा लागतो आणि खेळाडूला त्यासाठी शुल्क पडत नाही. करारात स्थानिक लवादाचं एखादं कलम आहे का, तेवढं आधी बघून घे, कारण मग दाद कुठे मागायची ते बदलू शकतं.

आता हेच उलट बाजूने बघ. तू पत्र दिलं नाहीस, मुदत दिली नाहीस आणि एका रात्री बॅग उचललीस. सोमवारी सरावाला कोणीच नाही. क्लब म्हणणार, खेळाडू पळून गेला, करार त्याने मोडला. मग भरपाई मागायची पाळी त्यांची. शिवाय इथे आल्यावर कुठल्याही क्लबकडून, अगदी मुंबईच्या लीगमधल्या छोट्याशा क्लबकडून खेळायचं म्हटलं तरी तिकडून इंटरनॅशनल ट्रान्सफर सर्टिफिकेट यावं लागतं. ते यायला उशीर झाला तर तोवर कुपरेजच्या मैदानाच्या जाळीबाहेर उभं राहून मित्रांच्या मॅचेस बघत बसशील.

म्हणून विमानाआधी एक ई-मेल. क्लबच्या अधिकृत पत्त्यावर, तिथल्या भाषेत किंवा इंग्रजीत. त्यात एवढंच लिहायचं: माझा डिसेंबरचा आणि जानेवारीचा पगार, एकूण इतके युरो, करारातल्या अमुक कलमाप्रमाणे अमुक तारखांना देय होता. तो मिळालेला नाही. आजपासून 15 दिवसांत या खात्यात जमा करावा. न केल्यास करार संपवण्याचा हक्क मी राखून ठेवतो. खाली नाव, तारीख, सही.

आपल्याला शाळेपासून अर्ज लिहायची सवय. सविनय, कृपया, आपला आज्ञाधारक. तुझ्या पत्रातच दिसतंय, मॅनेजरला दोनदा व्हॉट्सअ‍ॅप केलंस आणि दोन्ही वेळा सुरुवात 'सॉरी टू डिस्टर्ब' अशी केलीस. डिस्टर्ब कोणी कोणाला केलं, रे? घरची परिस्थिती, बाबांची निवृत्ती, बहिणीचं कॉलेज, यातलं काहीही त्या मेलमध्ये नको. तुझ्या घामाचे पैसे मागतो आहेस, मदतनिधी नाही.

त्या 15 दिवसांत सरावाला रोज वेळेवर जा, बेंचवर बसवलं तरी जा. करार, बँकेचं स्टेटमेंट, मॅनेजरचे मेसेज, सगळ्याच्या प्रती स्वतःच्या मेलवर ठेव, क्लबने दिलेल्या फोनवर नको. तिथे खेळाडूंची संघटना असेल तर तिला गाठ. अशा बहुतेक संघटना 'फिफप्रो' या जागतिक संघटनेशी जोडलेल्या असतात, आणि क्लबला पत्र कसं लिहायचं हे त्यांना माझ्यापेक्षा शंभर पटीने कळतं. आपल्याकडेही फुटबॉल प्लेअर्स असोसिएशन ऑफ इंडिया आहे. आणि एक गोष्ट करार संपवण्याच्या आधी विचारून घे: तुझा तिथला राहण्याचा परवाना क्लबच्या करारावर आहे का? बहुधा असेल. मग करार संपला की तिथे किती दिवस राहता येतं, हे कळल्याशिवाय शेवटचं पत्र पाठवायचं नाही.

बहुतेक वेळा असं होतं की नीट शब्दांतलं पत्र गेलं की निदान काही पैसे हलतात. पूर्ण आले तर? तर आपण जूनबद्दल बोलू. ते पुढे येतंच आहे.

आता एजंट. त्याच्याबद्दल तू बराच सावरून लिहिलं आहेस. 'त्यांनी निदान आणलं तरी', 'त्यांचेही खर्च असतात'. मला राग आला, तो आधी गिळते.

फुटबॉलमध्ये पैसा क्लबकडून खेळाडूकडे येतो आणि एजंटचा वाटा त्यातून निघतो, ठरलेला टक्का. तू कमावलंस तर तो कमावणार. जो आधी लाख मागतो, त्याला तू गोल केलेस काय आणि न केलेस काय, काही फरक पडत नाही, कारण त्याची कमाई तू विमानात बसायच्या आधीच झालेली असते. 2023 पासून फिफाने एजंटांसाठी परीक्षा आणि परवाना ठेवला आहे. परवानाधारकांची यादी फिफाच्या साइटवर नावाने शोधता येते. खेळाडूशी केलेला प्रतिनिधित्वाचा करार दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा असू शकत नाही. आज रात्री तिकिटं बघण्याऐवजी त्या यादीत त्याचं नाव टाक. सापडलं नाही तर तुला उत्तर मिळालंच. सापडलं तरी 3 लाखांचा प्रश्न उरतोच.

तुलनेसाठी सांगते. आखातात वेल्डर, फिटर पाठवणारा सरकारकडे नोंदणी झालेला रिक्रूटिंग एजंट असतो ना, त्यालाही कामगाराकडून 30,000 रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. तुझ्या बाबांनी 7 लाख दिले. म्हणजे भेंडीबाजारातल्या जिन्याखालच्या ऑफिसात बसून मस्कतला गवंडी पाठवणाऱ्यालाही कायद्याने जे जमत नाही, ते टाय लावून बसलेल्या माणसाने केलं. बाबांना मी दोष देत नाही. त्यांना वाटलं असेल, इंजिनिअरिंगला डोनेशन देतात तसंच हे. या शहरात दोन पिढ्या डोनेशन देत वाढल्या, पैसे मागितल्याशिवाय आपल्याला जागा खरी वाटत नाही.

तेव्हा 3 लाख नाहीत. तीन हजारही नाहीत. तो खरंच वरच्या लीगमध्ये घालणार असेल तर क्लबचं नाव, लेखी प्रस्ताव, पगाराचा आकडा आणि त्या देशाची ट्रान्सफर विंडो (खेळाडूंच्या बदल्यांची मुदत) कधी उघडते ती तारीख, एवढं मेलवर पाठवू दे. आणि स्वतःला एक साधा प्रश्न विचार: दुसऱ्या श्रेणीत बेंचवर बसलेला खेळाडू पहिल्या श्रेणीतल्या क्लबला कशासाठी हवा असेल?

लागला असेल हा प्रश्न. पण मला वाटतं तू स्वतःला तो रोजच विचारतोस, फक्त चुकीच्या शब्दांत. 'मी त्या लेव्हलचा नाही बहुतेक' असं लिहिलं आहेस. तिथे जरा थांबू या.

आपल्याकडे आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, नऊ नंबरच्या म्हणजे सेंटर फॉरवर्डच्या जागेवर क्लब कोणाला आणतात? बहुतेक वेळा परदेशी खेळाडूला. आणि त्याने चार सामन्यांत गोल केला नाही की गॅलरीतून आपणच काय काय ओरडतो! गावातल्या पोराला चूक माफ असते. त्याचा काका तिकीट काढून आलेला असतो, कोच त्याला सातवीपासून ओळखतो. परदेशी स्ट्रायकर म्हणजे दुकानातून आणलेली वस्तू, पहिल्याच दिवशी चालली पाहिजे. तिथे ती वस्तू तू आहेस. बचाव फळीतला परदेशी खेळाडू दहा सामने साधा, नीटनेटका खेळला तरी टिकतो. स्ट्रायकरच्या नावापुढे मात्र दर आठवड्याला एक आकडा छापून येतो. त्यात युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूंच्या जागा बऱ्याच देशांत मोजक्याच असतात, म्हणजे तू फक्त स्वतःची खुर्ची अडवत नाहीस, क्लबच्या हातातला एक मोजका पत्ता अडवतोस. कोचचं मन अशा वेळी लवकर बदलतं. तू वाईट खेळलास का, हे मला माहीत नाही, मी पाहिलेलं नाही. पण बेंचचा अर्थ 'लेव्हल नाही' इतका सरळ लागत नाही.

आकड्यांचंच बोलायचं तर भारताचा स्ट्रायकर बायचुंग भूतिया 1999 मध्ये इंग्लंडमधल्या बरी या क्लबकडे गेला, तेव्हा तो क्लब तिथल्या तिसऱ्या पातळीवर होता. 2002 पर्यंत भूतिया तिथे 37 लीग सामने खेळला आणि त्याचे गोल झाले 3. तुझे 14 सामन्यांत 3 आहेत. त्या क्लबचंही पैशांचं रडगाणं होतं. 2002 मध्ये तो दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर गेला आणि पुढे 2019 मध्ये इंग्लिश फुटबॉल लीगमधून बाहेरच काढला गेला. भारताचाच दुसरा स्ट्रायकर सुनील छेत्री, त्याला 2009 मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने घेतलं होतं, पण भारताची फिफा क्रमवारी खाली म्हणून ब्रिटनने वर्क परमिट नाकारलं. 2010 मध्ये तो अमेरिकेत कॅन्सस सिटीकडे गेला आणि लीगचा एकही सामना न खेळता परतला. भारतासाठी त्याचे एकूण गोल 90 हून जास्त. भारताच्या महिला संघाची स्ट्रायकर बाला देवी जानेवारी 2020 मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली, मध्ये कोविड आला, पहिला गोल झाला तो डिसेंबरात.

हे वाचून छाती फुगवू नकोस. भूतिया जाण्याआधी भूतिया होता. छेत्री परत आला तेव्हा त्याच्यासाठी इथे क्लब तयार होते. तुझं तसं नाही. अशा थोरांच्या गोष्टी सांगून पोरांना 'बघ, तेही अडखळले होते' म्हणायची आपल्याकडे खोड आहे. पण अडखळून जे तिथेच राहिले, त्यांच्या गोष्टी कोण सांगतं? मला एवढंच म्हणायचंय की परदेशातल्या एका बेंचवरून कोणाच्या पायाची किंमत ठरत नाही, ना वर, ना खाली.

आणि 'परदेश म्हणजे वर, घर म्हणजे खाली' हा जिना तरी कोणी बांधला? नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे बघ. पॅरिस सेंट-जर्मेंपासून सुरुवात, 2002 चा वर्ल्ड कप, मग स्पेन, इंग्लंड, नेदरलँड्स असं फिरत फिरत 2018 मध्ये भारतात आला तेव्हा तो चौतिशीला टेकलेला होता. इथे आयएसएलमध्ये 60 च्या वर गोल केले. 2020-21 मध्ये मुंबई सिटीने शील्ड (गुणतक्त्यात पहिलं येण्याची) आणि ट्रॉफी (अंतिम सामन्याची) दोन्ही जिंकल्या तेव्हा तो त्या संघात होता. तुझ्या जिन्याच्या हिशेबाने तो माणूस घरंगळत खाली आला. त्याच्यासाठी परदेश आपणच होतो.

म्हणून मी स्ट्रायकरला 'कुठे खेळतोस' विचारण्याआधी 'किती मिनिटं खेळतोस' विचारीन. विशी-बाविशीतला नऊ नंबर दोन हंगाम बेंचवर बसला की त्याचे पाय शाबूत राहतात, पण गोलसमोरच्या पेटीत चेंडू आल्यावर विचार न करता वळायची जी सवय असते ना, ती गंजते. तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं: शेवटच्या सामन्यात 83 व्या मिनिटाला उतरलास, समोर फक्त गोलकीपर होता आणि तू पास दिलास. पगाराचं नंतर बघू, ही खरी धोक्याची घंटा आहे.

रेल्वेच्या जाहिरातीबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास, त्याही नाक मुरडून. 'शेवटी काय, तिकीट तपासत बसायचं.' माझे एक मामा एका बँकेच्या संघातून खेळायचे. शनिवारी अर्धा दिवस कॅशच्या खिडकीत, पायाशी कापडी पिशवीत बूट. एक वाजता खिडकी बंद, की चर्चगेटहून चालत कुपरेजला. बोटांना नोटा मोजायच्या स्पंजचा निळा ओलावा, पिशवीला आयोडेक्सचा वास. हाफटाइमला त्यांना बँकेचे मॅनेजर विचारायचे, 'काय, डे-बुक टॅली झालं का?' मामा अजून सांगतात, 'गोल माझा, पगार बँकेचा.' त्यांना कोणी बिच्चारे म्हटलेलं मी ऐकलं नाही. मुंबईचं फुटबॉल कित्येक वर्षं बँका, रेल्वे, टाटा, एअर इंडिया यांच्या मस्टरवरच चाललं. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारा नेव्हिल डिसूझा आपल्या मुंबईचाच सेंटर फॉरवर्ड. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई.

पण मी सोनेरी चष्मा लावून सांगत नाही. ते दिवस संपले आहेत. महिंद्रा युनायटेडसारखा संघ 2010 मध्ये बंद झाला, बऱ्याच ऑफिस टीम आता नावापुरत्या उरल्या. नोकरी लागली की चार-पाच वर्षांत खेळ सुटतो आणि टेबल उरतं, असंही होतं. ते तुला मान्य आहे का, हा प्रश्न खरा आहे. फक्त तो आज सोडवायची गरज नाही. आज अर्ज भरायची गरज आहे. रेल्वेच्या खेळाडू कोट्याला साधारण 18 ते 25 अशी वयाची अट असते आणि ती खेळाडूंसाठी सैल होत नाही. तू 23 चा आहेस. अर्ज भरला म्हणजे नोकरी घेतली असं नाही, ट्रायलला बोलावतील तेव्हा बघू. आणि जाहिरातीतली पात्रतेची यादी नीट वाच. तिच्यात आपल्याकडच्या राष्ट्रीय, आंतर-विद्यापीठ अशा स्पर्धा सापडतील. परदेशातल्या दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबचा हंगाम शोधूनही सापडणार नाही. म्हणजे जे दीड वर्ष तुला कर्तृत्व वाटतं त्याचा तिथे उपयोग शून्य, आणि संतोष ट्रॉफीचं जे प्रमाणपत्र तू ट्रान्झिटमध्ये कुठल्या ट्रंकेत आहे म्हणून विसरलास, त्याला भाव मिळू शकतो. ते किती जुनं चालतं याचीही अट असते. बहिणीला आजच शोधायला सांग.

इथल्या क्लबांबद्दल फार स्वप्नं नकोत. 2025 मध्ये आयएसएलचा हंगाम व्यावसायिक करारावरून अडला, क्लबांनी सराव थांबवले, काहींनी पगारही थांबवले. पगार थकवण्याची कला काही युरोपची मक्तेदारी नाही. तरी दुसऱ्या-तिसऱ्या पातळीवरच्या एखाद्या क्लबने जूननंतर नियमित खेळवायची तयारी दाखवली, तर मी तो प्रस्ताव तुझ्या सध्याच्या क्लबने देऊ केलेल्या नव्या कराराच्या वर ठेवीन, पैसे थोडे कमी असले तरी. कारण मिनिटं.

माझं मत विचारलं आहेस म्हणून सांगते: मेल आज पाठव. पगार आला तर जूनपर्यंत रहा, हंगाम पुरा कर, कोचकडे जाऊन विचार की राखीव संघाकडून 90 मिनिटं मिळतील का. वरच्या संघाच्या बेंचपेक्षा खालच्या संघाचं मैदान बरं. पगार नाही आला तर नियमाने करार संपव आणि ये, ताठ मानेने ये. एजंटचा नंबर मात्र डिलीट करू नकोस, त्याचे मेसेज पुरावा म्हणून लागतील.

तुझ्यासारखी दुसरी पत्रंही येतात, म्हणून मध्येच एका पालकांना उत्तर देते. मुलगा 15 वर्षांचा आहे, कांदिवलीचा, आणि त्याला 'स्पेनच्या क्लबमध्ये' घेतो म्हणून कोणी वर्षाला 22 लाख मागतंय. ताई, फिफाच्या नियमाने 18 वर्षांखालच्या खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली होत नाही. अपवाद आहेत, पण ते मोजके आहेत, उदाहरणार्थ आई-वडीलच फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले तर. तेव्हा तुम्हाला जे विकलं जातंय ती फुटबॉलची शिकवणी आहे, राहण्या-खाण्यासकट. शिकवणी म्हणून ती चांगलीही असेल. पण क्लब म्हणून तिचे पैसे देऊ नका. आणि ज्यांची पोरं 18 पूर्ण आहेत त्यांनी एवढं लक्षात ठेवा: मेडिकल पास झालास तर किंवा वर्क परमिट मिळालं तर करार लागू, अशी अट खेळाडूच्या करारात फिफाला चालत नाही. मेडिकल सहीच्या आधी. अशी अट घालणारा कागद समोर आला की पेन खिशात ठेवा.

राहता राहिलं तोंड.

तू लिहिलंस, जाताना मंडळाने चाळीच्या तोंडाशी तुझा बॅनर लावला होता, तुझा फोटो, मागे विमान आणि खाली नगरसेवकांचं हसरं तोंड तुझ्यापेक्षा मोठं. ती माणसं काय म्हणतील? अरे, मुंबईत बॅनर टिकतो किती? पुढच्या साहेबांचा वाढदिवस येईपर्यंत. आणि ज्या चाळीला तोंड दाखवायचं ती चाळ तरी आता कुठे आहे? तूच लिहिलंस की सगळे पांगले, कोणी ट्रान्झिटच्या अकराव्या मजल्यावर, कोणी भाडं घेऊन थेट डोंबिवलीला. खिडकीतून डोकावणाऱ्या काकूंना आता लिफ्ट चालू आहे का याचीच काळजी जास्त असेल. ज्या प्रेक्षकांसाठी तू रात्र-रात्र जागतोस, त्यांनी स्टेडियम कधीच सोडलं.

उरले बाबा. त्यांच्या 7 लाखांचं ओझं मी शब्दांनी हलकं करू शकत नाही. ते फेडायचं तर फेड, नोकरी लागली की महिन्याला ठरवून दे, ते घेणार नाहीत तरी दे. पण गोलांनी फेडायचं हे डोक्यातून काढ. समोर फक्त गोलकीपर असताना पास देतोस तो याचमुळे, असा मला संशय आहे. चेंडू हुकला तर बाबांचे पैसे हुकले, असं वाटत असेल तर कोणाचाही पाय थरथरेल. आणि तीस वर्षं बसच्या इंजिनात हात घातलेल्या माणसाला, एखादी गोष्ट बिघडली तर ती उघडून बघावी लागते, हे तुझ्यापेक्षा चांगलं कळतं. त्यांना आवाजावरून कळलंही असेल. मेकॅनिक आहेत ते.

आधी त्यांच्याशीच बोल, आईशी नंतर. दुसरी पाळी रात्री अकराला सुटते असं तू लिहिलंस. आगारातून बाहेर पडून, टपरीवर चहा घेऊन, घरी पोचेपर्यंत साडेअकरा होत असतील. तुझ्याकडे तेव्हा सात वाजलेले असतात, सराव संपलेला असतो. त्यांना रस्त्यातच गाठ, घरी पोचायच्या आधी, म्हणजे चालता चालता ऐकतील. मेल पाठवल्यावर फोन कर, आधी नको, म्हणजे 'मग आता काय करायचं' याचं उत्तर तुझ्याकडे असेल. व्हिडिओ बंद ठेवलास तरी चालेल. ठेवलास चालू, तर ती जर्सी घालू नकोस.